म्हापशाहून खोपोलीला नायट्रोसाठी: आंबोली घाटातून जावं की ६६ नंबरने?

बार्देसकार

नमस्कार मंडळी. गोवा मुक्तिदिन (१९ डिसेंबर) यंदा शुक्रवारी आलाय. गुरुवारची एक रजा टाकली की चार दिवस सुटतात. चौघांनी म्हापशाहून बलेनोने (पेट्रोल, मॅन्युअल) निघायचं, कोल्हापुरात एकाला उचलायचं, पुण्यात दोघांना गाठायचं आणि सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिका या पाळण्यांच्या पार्कात नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं, असा बेत आहे. पुण्याचे दोघे बुलेटवर येणार म्हणतात. रविवारी रात्रीपर्यंत म्हापशात परत यायचं आहे.

बोडगेश्वराच्या जत्रेतल्या पाळण्यापलीकडे आमच्यातल्या कुणाची मजल गेलेली नाही. म्हणून विचारतो. जाताना आंबोली–कोल्हापूर–पुणे बरं की सरळ ६६ नंबर (मुंबई–गोवा महामार्ग)? परत येताना तोच रस्ता धरावा का? गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पार्क गाठता येईल का, म्हणजे रजा वाचेल? एकाला घाटात हमखास उलटी होते, त्याने नायट्रोत बसावं की खाली बॅगा सांभाळाव्यात? कोल्हापूरचा गडी ११५ किलोचा आहे, त्याला सीट बंद होईल का? आणि आत गेल्यावर आधी कशाच्या रांगेत उभं राहायचं?

घाटवाट

रात्री निघून सकाळी पार्क, हे आधी डोक्यातून काढा. कोल्हापूर-पुण्यावरून म्हापसा ते खोपोली सुमारे ५०० किमी आहे, आणि कोल्हापूरच्या अलीकडचा बराच रस्ता दुपदरी किंवा घाटाचा. आंबोलीत डिसेंबरच्या पहाटे धुकं असतं, आंबोली ते आजरा पट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर उभे असतात. गव्याचे डोळे चमकतात, पण अंग काळंभोर, त्यामुळे तो आडवा उभा असेल तर दिवा पडेपर्यंत दिसत नाही. वर झोप मोडलेल्या माणसाला पाळण्यात आधी मळमळतं. आंबोली आणि नायट्रो एका दिवसात नको.

मित्र कोल्हापुरात आणि पुण्यात आहेत, मग जाताना आंबोलीच. प्रश्न फक्त वेळेचा आहे.

गुरुवारी पहाटे पाचला म्हापसा सोडा. पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी करत दाणोलीला पोचाल तेव्हा उजाडायला लागलेलं असेल, म्हणजे चढ उजेडात होतो. पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. हा संकेश्वर–बांदा महामार्ग आता रुंद झाला आहे. आजऱ्याहून उत्तूरमार्गे निपाणीलाही निघता येतं, पण नवख्याने संकेश्वरच धरावं. संकेश्वरला ४८ नंबरला (पुणे–बंगळूरू महामार्ग) लागलात की कोल्हापूर पाऊण-एक तास. म्हापसा ते कोल्हापूर दोनशे किमीच्या आत-बाहेर, चहापाण्यासकट साडेचार-पाच तास धरा.

कोल्हापुरात गाडी शहरात घालायची असेल तर दोन तास बाजूला ठेवा. नसेल तर मित्राला तावडे हॉटेलच्या कमानीपाशी बोलवा, महामार्गावरून उतरल्या उतरल्या आहे.

कागल ते सातारा सहापदरीकरणाची कामं चालू असल्यामुळे गाडी मधेच सेवारस्त्यावर वळवतात. वळणाचा फलक कधी कधी वळणापाशीच असतो. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, कारण तो ट्रक वळला तरच तुम्हाला वळण दिसतं. कोल्हापूर–पुणे २३० किमी, पाच तास.

आता ज्या एका जागेसाठी हे एवढं लिहितोय ती सांगतो. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. दिसायला साधा, रुंद रस्ता. माल भरलेले ट्रक तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात आणि मग ते थांबत नाहीत. त्या उतारावर पाच जण भरलेली बलेनो तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, आणि पुलाच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या दिसल्या तर आधी आरशात मागे बघा, मग ब्रेक.

मुक्काम वाकड, रावेत, पुनावळे या बाजूला करा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किवळ्याला सुरू होतो. हडपसरला झोपलात तर सकाळचा एक तास पुण्यातच जाईल.

अंत्रुजकार

फोंड्याच्या लोकांना विचाराल तर चोर्ला. साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. बेळगावला ४८ नंबर. म्हापशाहूनही अस्नोड्याने साखळीला निघता येतं. आंबोलीपेक्षा गर्दी कमी.

घाटवाट

फोंड्याहून चोर्ला ठीक, म्हापशाहून नाही. बेळगावला जाऊन मग उत्तरेला येण्यात वळसा आहे, हत्तरगीचा टोल जास्तीचा पडतो, आणि कणकुंबी–जांबोटी पट्टा दरवर्षी पावसानंतर कसा उरला आहे त्यावर सगळं अवलंबून. कुणी दोडामार्गहून तिलारी घाट सुचवेल. अंतराला तो चांगला, पण चढ उभा आहे, वळणं आवळ आहेत, भरलेल्या गाडीला पहिल्या गिअरवर यावं लागतं. शिवाय त्या भागात हत्तींचा वावर आहे. अंधारात तो रस्ता नकोच.

उलटापालटा

रस्त्याचं घाटवाट बघतील, पाळण्याचं मी बघतो.

नायट्रो हा फ्लोअरलेस जातीचा कोस्टर आहे, स्विस कंपनी बॉलिगर अँड माबियारचा. एका ओळीत चार सीटा. स्टेशनात पायाखाली लोखंडी जमीन असते, सगळे बसले की ती बाजूला सरकते आणि पाय लोंबकळतात. २०१३ पासूनचा हा पाळणा. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभराच्या घरात, आणि वाटेत पाच वेळा उलटं होतं.

वेगाला इंजिन नाही. साखळीने वर ओढून सोडून देतात. हवेचा अडथळा सोडला तर ४० मीटरवरून पडणाऱ्या कुठल्याही वस्तूला ताशी १०० किमी वेग येतोच, कोस्टर फक्त त्या पडण्याला रुळावर वळण देतो. म्हणून दुपारी तोच पाळणा सकाळपेक्षा थोडा चपळ धावतो: चाकं आणि ग्रीस तापलेलं असतं, घर्षणात कमी वेग जातो. भरलेली गाडीही रिकाम्या गाडीपेक्षा जोरात जाते. वजनाने पडण्याचा वेग वाढत नाही, पण हवेचा अडथळा तेवढाच आणि वजन जास्त, म्हणून वेग कमी खाल्ला जातो.

चढावर "टक् टक् टक्" आवाज येतो तो बिघाड नव्हे. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून रुळाच्या मधोमध दात्यांची पट्टी असते, त्यावर गाडीखालचा अडसर एकेक दाता ओलांडत जातो. आणि गाडी चढावर मधेच थांबली तर घाबरायचं नाही. रूळ टप्प्यांत वाटलेला असतो, एका टप्प्यात एकच गाडी, पुढची बाहेर पडली नाही तर मागची आपोआप थांबते.

कुठल्या ओळीत बसायचं? पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ घ्यावी. पहिल्या ओळीत समोर काहीच नसतं, पायाखालीही नाही, भीती डोळ्यांना जास्त. शेवटच्या ओळीत भीती पोटाला: पुढचे डबे उतारावर लागलेले असतात तेव्हा शेवटचा डबा अजून माथ्यावर असतो, त्यामुळे तो माथ्यावरून खेचला जातो आणि बूड सीटवरून उचललं जातं. धीट असाल तर दुसऱ्या फेरीला शेवटची ओळ.

११५ किलोच्या गड्याबद्दल. वजनापेक्षा छातीचा आणि पोटाचा घेर महत्त्वाचा. खांद्यावरून खाली येणारी कडी असते आणि तिला पायांच्या मधून येणारा छोटा पट्टा अडकतो. तो पट्टा बकलात बसला तरच गाडी सुटते. बऱ्याच जणांना कडी लागत नाही त्याचं कारण ते सीटच्या पुढच्या काठावर बसलेले असतात. आधी बूड पूर्ण मागे सरकवायचं, पाठ ताठ टेकवायची, मग कडी खाली घ्यायची, ओढताना श्वास सोडायचा. जाड जाकीट, कमरेची पिशवी काढायची. आणि रांगेत शिरण्याआधीच तिथल्या माणसाला विचारा, दोन तास उभं राहून सीटवरून उठवलं तर माणूस खट्टू होतो. उठवलं तर हुज्जत घालू नका. कडी रेटून बसवता येते, पण तशी बसवलेली कडी फेरीभर छाती दाबते.

आता क्रम. गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात, तिकीट तारखेचं ऑनलाइन घेतलेलं, आणि आत शिरल्यावर फोटो काढत न बसता सरळ नायट्रो. सगळ्यात लांब रांग तिचीच होते, आणि बिघाड किंवा वाऱ्यामुळे मधे बंद पडली तर पुन्हा यायला दिवस हाताशी राहतो. मग डीप स्पेस. तो बंद इमारतीतला अंधारातला कोस्टर, साखळीचा चढ नाही, विद्युतचुंबकाच्या ढकल्याने सुटतो. पहिल्याच दोन सेकंदांत मान मागे आपटते, म्हणून सुटण्याआधीच डोकं टेकवून ठेवा. गोल्ड रश एक्सप्रेस सौम्य आहे. ज्याला धीर नाही त्याने आधी त्यात बसावं, बाकीच्यांनी नंतर कधीही. राजासॉरस पाण्याचा आहे, तो दुपारी उन्हात. त्यानंतर ओल्या जीन्सने नायट्रोत बसलात तर मांड्या सोलवटतील, सुती किंवा पटकन वाळणारी पँट घाला.

जेवणानंतर तासभर स्क्रीम मशीन या झोक्याच्या पाळण्याच्या वाटेला जाऊ नका. उलटं न होताही सगळ्यात जास्त लोकांचं पोट झोके घेणारेच पाळणे काढतात, कारण तेच तेच हेलकावे बराच वेळ चालतात. कोस्टर दीड-दोन मिनिटांत संपतो.

१९ तारीख तुमची सुट्टी, महाराष्ट्राची नाही. म्हणजे शनिवार-रविवारची झुंबड नसेल. पण डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना, पिवळ्या बसा दारात दिसल्या की समजा. पोरं आधी फोटो आणि खाण्याकडे जातात, म्हणून पहिला दीड तास सोन्याचा.

तळकोकणी

परतीचं लिहितो, कारण गूगल तुम्हाला खोपोलीहून पुन्हा पुण्याला नाहीतर पनवेलला पाठवील. दोन्ही नको.

पार्क खोपोली–पाली रस्त्यावरच आहे. पार्कच्या दारातून खोपोलीच्या उलट दिशेला, दक्षिणेकडे निघालात की जांभूळपाडा, मग पाली (बल्लाळेश्वराचं), आणि पालीपासून दहाएक किमीवर वाकण फाटा. वाकण म्हणजे ६६ नंबर. डावीकडे वळा, सुकेळी खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड, पोलादपूर... आणि नाकासमोर म्हापसा. पनवेल, पेण, वडखळ हे सगळं टळतं. पालीहून म्हापसा साडेचारशे किमीच्या आत.

शुक्रवारी संध्याकाळी पार्कातून निघून पालीत मुक्काम करा. देवस्थानाचं भक्तनिवास आहे, साधी लॉज आहेत, खोपोलीपेक्षा स्वस्त. चतुर्थी आली तर मात्र खोली मिळत नाही, पंचांग बघून जा.

शनिवारी पहाटे साडेपाचला पाली सोडा, सातला नव्हे. नाताळच्या आधीचा शनिवार आहे, मुंबईची अर्धी जनता कोकणात आणि तुमच्याकडे निघालेली असते. ती मंडळी सकाळी आठ-नऊला इंदापूर आणि माणगावात गोळा होतात. दोन्ही गावांत रस्ता बाजारपेठेतून जातो, एक ट्रक रुतला की तास गेला. सातच्या आत माणगाव ओलांडलंत तर दिवस तुमचा. उलट रविवारी संध्याकाळी तीच कोंडी मुंबईच्या दिशेला असते, तुमची बाजू मोकळी.

पुढे कशेडीला बोगदा आहे, जुना घाट चढायचं कारण नाही. खेडजवळ भोस्ते घाटाचा उतार जपून, तिथलं वळण दिसतं त्यापेक्षा आवळ आहे. परशुराम घाट, चिपळूण, मग आरवली ते संगमेश्वर–हातखंबा पट्ट्यात काम अर्धवट, धूळ आणि वळवलेले रस्ते. राजापूरपासून पुढे रस्ता लोण्यासारखा, आणि नेमकं तिथेच लोक झोपतात. दुपारी दोन ते चार दरम्यान चालक बदला.

पावसाळ्यात हे वाचणाऱ्यांसाठी: पालीजवळ अंबा नदीला पूर आला की वाकण–पाली वाहतूक थांबू शकते. तेव्हा हा मार्ग धरू नका. गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत तर ६६ नंबरचं नावच काढू नका.

पुणे_बायपास

बुलेटवाल्या मित्रांना कुणीतरी सांगा: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यांना जुन्या महामार्गाने, तळेगाव–लोणावळा–खंडाळा उतरून खोपोलीत यावं लागेल. तुमची गाडी किवळ्याहून द्रुतगतीने, घाट उतरल्यावर खोपोलीच्या फाट्याला बाहेर. "मागोमाग येतो" असं होणार नाही, खोपोलीत पालीच्या रस्त्याला लागताना भेटायची जागा ठरवून घ्या. परत जाताना त्यांनी अंधार पडायच्या आत खंडाळा चढावा, रात्री तिथे कंटेनर आणि धुकं.

द्रुतगतीवर कॅमेरे आहेत. सपाटीला मोटारीला १०० ची मर्यादा, घाटात त्याहून खूप कमी, फलक बघा. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून ७० ने उतरणाऱ्यांच्या गाडीला जळका वास येतो, तो तापलेल्या ब्रेकचा. ब्रेक ऑइलही तापून त्यात बुडबुडे झाले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. तिसरा, लागला तर दुसरा गिअर.

फास्टॅगचं: २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) घेतला असेल तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर यांना तो चालतो. द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे पास चालत नाही, खात्यातून पैसे कापले जातात. पास आहे म्हणून खात्यात शून्य ठेवून येणारे तळेगावच्या नाक्यावर मागच्यांच्या शिव्या खातात.

बार्देसकार

वाकणचा रस्ता माहीतच नव्हता, देव बरें करूं! आणखी दोन गोष्टी. कोल्हापूरवाल्याने फेणीच्या दोन बाटल्या मागितल्यात. आणि उलटीवाल्याचं कुणीच बोललं नाही.

तळकोकणी

बाटल्या विसरा. बांद्याच्या पुढे इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्काचा नाका आहे, गोव्याच्या पाटीची गाडी आणि आत चार तरुण म्हटल्यावर डिकी उघडायला लावतातच. परवाना नसेल तर बाटल्या जातात, गाडी अडकते, दिवस जातो. काजूगर न्या, खाजें न्या, बिबिंका न्या. बिबिंका डिकीत उन्हात ठेवू नका, तूप सुटून सगळ्या बॅगांना वास लागतो. आजऱ्यातून घनसाळ तांदूळ घेतलात तर पुण्याची भेटही झाली.

गाडी रेंट-अ-कॅबची, काळ्या पाटीची असेल तर राज्याबाहेर न्यायची मालकाची लेखी मुभा हवी. स्वतःची असेल तर विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतं.

उलटापालटा

उलटीचं. घाटात उलटी होणारा कोस्टरवर उलटी करतोच असं नाही. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना ती दिसत नाही, तेव्हा मळमळतं. मागच्या सीटवर मोबाइल बघणाऱ्याचं नेमकं हेच होतं. नायट्रोवर समोरचा रूळ दिसतो, कुठे वळायचं ते डोळ्यांना आधीच कळतं. म्हणून त्याने डोळे उघडे ठेवून बसावं, रुळाकडे बघावं. भीतीने डोळे मिटणाऱ्यालाच जास्त त्रास होतो. त्याला डीप स्पेस मात्र नको, तिथे अंधारच अंधार.

आंबोलीसाठी: त्याला पुढच्या सीटवर बसवा, काच बोटभर खाली, नजर लांबच्या वळणावर, पोटात दोन बिस्किटं तरी हवीत. गोळी घ्यायची तर घाटाआधी अर्धा-पाऊण तास, म्हणजे बांदा सोडलं की. नंतर घेतली तर पोटात टिकत नाही. कुठली आणि किती ते फार्मसीत किंवा डॉक्टरला विचारून, कारण या गोळ्यांनी झोप येते. गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही.

लूपच्या तळाशी अंगाचं वजन कित्येक पट वाढल्यासारखं होतं, रक्त पायांकडे जातं, डोळ्यांपुढे करडं पडतं. उपाशी आणि पाणी न प्यायलेल्या माणसाला ते जास्त. तळ येताना मांड्या आणि पोट घट्ट आवळलं की टळतं. रक्तदाब, हृदय, मान-पाठीचं दुखणं, नुकतं झालेलं ऑपरेशन असेल तर खालीच थांबायचं, यात मर्दुमकी नाही.

आणि किल्ली! फ्लोअरलेस पाळण्यातून खाली पडलेली वस्तू पाळणा बंद झाल्याशिवाय कुणी आणून देत नाही. बलेनोची बटणवाली किल्ली खिशातून पडली, किंवा राजासॉरसच्या पाण्यात भिजली, तर खोपोलीत दुसरी बनत नाही. दोन्ही किल्ल्या न्या, एक लॉकरमध्ये, एक दुसऱ्याकडे चेनच्या कप्प्यात. चष्म्याला मागून इलॅस्टिक. चप्पल चालणार नाही, नाडीचे बूट नाहीतर मागे पट्टा असलेले सँडल. मोबाइल लॉकरमध्येच, "घट्ट धरतो" म्हणणाऱ्याचाच जातो.

म्हादई_किनारी

एवढी यातायात करण्यापेक्षा बंगळूरूजवळ बिदडीचं वंडरला का नको? एकाच तिकिटात पाण्याचे आणि कोरडे पाळणे. इमॅजिकात पाण्याच्या पार्कचं तिकीट वेगळं.

उलटापालटा

मित्र बंगळूरूत असते तर चाललं असतं. बिदडी म्हापशाहून सहाशे किमीच्या घरात, तुमकूर रस्त्यावरून नाइस रोडने म्हैसूर रस्त्याला लागलात की शहर टळतं. तिथला रिकॉइल हा पाळणा वेगळ्या जातीचा: गाडीला मागे ओढून उंचावर नेतात, सोडतात, ती पुढे तीन वेळा उलटी होते, समोरच्या चढावर जाते आणि तीच वाट पाठमोरी करते. पाठमोरे तीन झोके दिसत नाहीत, म्हणून उलटीवाल्याला तर तो अजिबात नको. पुन्हा, कोल्हापूरच्या मित्राने तिथे कसं यायचं?

घाटवाट

पेट्रोलचा हिशोब राहिला. पूर्ण फेरी साडेनऊशे किमी. पाच जण, सामान, घाट, एसी, म्हणजे लिटरला पंधरा धरा. एकूण ६३-६४ लिटर. बलेनोची टाकी ३७ लिटरची. म्हापशात काठोकाठ भरलीत तर पुणे आरामात येतं, खोपोली जेमतेम. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, म्हणून पुण्यात पुन्हा काठोकाठ भरू नका, परतीला बांदा ओलांडेपर्यंत पुरेल एवढंच, साधारण २७ लिटर, भरा.

चाकांची हवा निघायच्या आदल्या दिवशी, चाकं थंड असताना. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या. तापलेल्या चाकात हवा बघून कमी केलीत तर सकाळी मऊ पडतं, आणि मऊ चाक तापून फाटतं. स्टेपनीची हवा कुणी बघत नाही, ती बघा. जॅक आणि पाना बॅगांच्या खाली गाडू नका.

बार्देसकार

ठरलं तर. गुरुवार: पाचला म्हापसा, दहाला कोल्हापूर, दोन तास मित्राच्या घरी, संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाकड. शुक्रवार: साडेसातला वाकड सोडायचं, बुलेट जुन्या रस्त्याने, नऊच्या सुमाराला खोपोलीत पालीच्या फाट्यावर सगळे. आधी नायट्रो, मग डीप स्पेस, दुपारी राजासॉरस. सहाला निघून पालीत मुक्काम. शनिवार: साडेपाचला पाली सोडायची, वाकणवरून संध्याकाळपर्यंत म्हापसा. रविवार झोपेचा. शुक्रवारी सकाळी निघण्याआधी वाकडला झणझणीत मिसळ हाणायची, असं कोल्हापूरवाल्याने आताच जाहीर केलंय.

उलटापालटा

सगळं ठीक. मिसळ तेवढी गुरुवारी कोल्हापुरातच उरका. शुक्रवारी पोहे, तेही नऊच्या आत.